कानाचा आरसा

'हातच्या काकणाला आरसा कशाला?' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. जे डोळ्यांना उघड दिसते त्याला निराळा पुरावा नको, असा तिचा अर्थ. परंतु डोळ्यांना जे सहज साधते ते कानांना साधत नाही, असा आमचा अनुभव आहे. वाद्य वाजविणाऱ्याचे निम्मे चित्त बोटांकडे आणि निम्मे पुढच्या सुराकडे लागलेले असते; जो सूर नुकताच निघून गेला त्याची विचारपूस करण्यास त्याला सवड कोठून असणार? यास्तव वादकाला आरशाची गरज भासते, आणि तो आरसा म्हणजे ध्वनिमुद्रण. पूर्वी हा आरसा मोठ्या शहरांतील ध्वनिमुद्रणगृहांतच पाहावयास मिळे. आज तो घरच्या संगणकात आहे. आमच्या शाळेतील कित्येक विद्यार्थी गिटार वाजवितात, कित्येकांच्या घरी संगणक आहे, आणि 'सर, घरी रेकॉर्डिंग कसे करायचे?' हा प्रश्न आम्हांस वर्षातून अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर द्यावे, आणि त्यासोबत या विषयावरील आमचे एक मतही मांडावे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वर्गात मराठी शिकवितो, घरी कोकणी बोलतो, आणि गिटार शिकलो ती मामांपाशी, ओसरीवर बसून. यंत्रविद्येचे आम्हांस जे काही ज्ञान आहे ते चुका करून मिळविलेले आहे. त्यांपैकी एक चूक आमच्या एका विद्यार्थिनीला महाग पडली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानी येईल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इयत्ता नववीतील एक मुलगी वार्षिक स्नेहसंमेलनासाठी गिटारवर एक धून बसवीत होती. हात हलका, कान तयार. अशी मुले दरवर्षी लाभत नाहीत. तिने एके दिवशी विचारले, "सर, मी कशी वाजवते ते मला ऐकायचे आहे." आम्ही उत्साहाने संगणक उघडला, तिला त्याच्यासमोर बसविले, आणि 'आवाज नीट यावा म्हणून गिटारचे छिद्र अगदी जवळ धर' असे सांगितले. तिने धून वाजविली. मग आम्ही दोघांनी ती ऐकली. संगणकातून जे बाहेर आले ते ऐकून तिचा चेहरा उतरला. खालच्या तारा पिंपात दगड टाकल्यासारख्या घुमत होत्या, वरच्या तारांचा आवाज पत्र्यासारखा लागत होता, आणि जेथे तिने सूर लांबविला होता तेथे तो मध्येच तुटत होता. "मी इतकी वाईट वाजवते?" एवढेच ती म्हणाली. आम्ही 'सरावाने सुधारेल' असे काहीतरी मोघम बोललो. कारण यंत्र खोटे कशाला बोलेल, अशी आमचीही समजूत होती. संमेलनाच्या कार्यक्रमातून तिने आपले नाव मागे घेतले, आणि गिटार कपाटावर गेली ती कित्येक महिने तेथेच राहिली.

पुढे एकदा आम्ही स्वतः त्याच संगणकासमोर, त्याच खोलीत, तशीच गिटार धरून वाजविले आणि ऐकले. तेच पिंप, तोच पत्रा, तसेच तुटलेले सूर! तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या मुलीने जे ऐकले त्यातील बहुतेक दोष तिचे नव्हतेच. काही खोलीचे होते, काही संगणकाचे, आणि उरलेले आमच्या अज्ञानाचे. आरसा वाकडा होता; आणि त्यात वाकडे दिसलेले मुख तिने आपले मानले.

म्हणून आमचे मत असे : घरी ध्वनिमुद्रण शिकावयाचे ते लोकांना ऐकविण्यासाठी नव्हे, निदान आरंभी तरी नव्हे. दोष आपला कोणता आणि यंत्राचा कोणता हे ओळखता यावे म्हणून ते शिकावयाचे. यात दोन कर्तव्ये येतात. आरसा आधी सरळ करावा हे पहिले. आणि एकदा तो सरळ झाला की त्यात जे दिसेल ते मान्य करावे, आरशावर रंग फासू नये, हे दुसरे.

पूर्वी वादकाला वा गायकाला पहिल्या कर्तव्याची चिंता वाहावी लागत नसे. इ. स. १९०२ मध्ये कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गेसबर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यासमोर गावयाचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने एक सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत जाई. सुमारे तीन मिनिटांत गाणे संपवावे लागे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आले, नंतर चुंबकीय फीत आली. परंतु यंत्र सांभाळणारा जाणकार निराळा आणि कलावंत निराळा ही वाटणी दीर्घकाळ कायम राहिली. आता घरच्या संगणकाने ती वाटणी पुसून टाकली आहे. वाजविणारा तोच, मुद्रित करणारा तोच, आणि निकाल देणाराही तोच! तीन माणसांचे काम एका चौदा वर्षांच्या मुलावर आले आहे. त्याला त्यातील पहिलेच तेवढे शिकवावे आणि उरलेली दोन दैवावर सोपवावीत, हे आम्हांस शिक्षक या नात्याने योग्य वाटत नाही.

आरसा सरळ कसा करावा, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट खोली. आमच्याकडील घरांत लादीची जमीन, चुन्याच्या किंवा सिमेंटच्या उघड्या भिंती आणि बेताचेच सामान असते. अशा खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोराने टाळी वाजवावी. टाळीमागून बारीक झणझणाट ऐकू आला, तर तोच झणझणाट गिटारच्या प्रत्येक सुरामागून येणार हे समजावे. आपला कान त्याला सरावलेला असतो, म्हणून आपणांस तो एरव्ही जाणवत नाही; मायक्रोफोन मात्र त्याची इमानाने नोंद करतो. यावर उपाय घरातच आहे. ज्या खोलीत अंथरुणे, गाद्या, कपड्यांचे कपाट आणि पडदे आहेत ती खोली निवडावी. वादकाच्या पाठीमागे आणि मायक्रोफोनच्या पलीकडे दोरीवर जाड गोधड्या टांगाव्यात. भिंतीला लागून बसू नये, कोपऱ्यात तर मुळीच बसू नये. कारण कोपरा खालच्या सुरांना फुगवितो. पंखा बंद करावा. आणि पावसाळ्यात कौलांवर धारा कोसळत असताना ध्वनिमुद्रणाचा हट्ट धरू नये. ते चार दिवस सरावाला द्यावेत.

दुसरी गोष्ट मायक्रोफोनची जागा. येथेच आमची मोठी चूक झाली होती. गिटारचा आवाज पोटावरच्या गोल छिद्रातून येतो, अशी सर्वांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. आवाजाचा फार मोठा भाग तारांच्या कंपनाने थरथरणाऱ्या वरच्या लाकडी फळीतून येतो. छिद्रातून मुख्यतः आतल्या हवेचा घुमारा बाहेर पडतो. मोठ्या पोटाच्या गिटारमध्ये ही हवा सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या आसपास सर्वांत जोराने घुमते. आणि गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ कंपनांचा, तिच्या पुढच्या तारेचा ११० कंपनांचा असतो. म्हणजे मायक्रोफोन छिद्रासमोर धरला की नेमके हेच सूर फुगून इतरांना गिळून टाकतात. त्यातून मायक्रोफोन एकाच दिशेचा आवाज टिपणाऱ्या जातीचा असेल, तर तो जितका जवळ न्यावा तितके तो खालचे सूर स्वतःहून वाढवून देतो. त्या मुलीला ऐकू आलेले पिंप ते हेच. तेव्हा मायक्रोफोन छिद्रासमोर न ठेवता जेथे गिटारची मान पोटाला मिळते तेथे, बाराव्या पडद्याच्या आसपास रोखावा, आणि सुमारे एक वीत ते दीड वीत अंतरावर ठेवावा. मग ऐकावे. आवाज पातळ वाटला तर चार बोटे छिद्राच्या बाजूस सरकवावा, घुमू लागला तर चार बोटे मागे घ्यावा. चार बोटांनी किती फरक पडतो हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकले म्हणजे महागड्या यंत्राचा मोह निम्मा ओसरतो.

तिसरी गोष्ट आवाजाची पातळी. संगणक आवाज साठवितो तो अंकांच्या रूपाने. संगीताच्या तबकडीसाठी ठरलेल्या प्रमाणानुसार तो एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजतो. निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा सूर ऐकू येतो, आणि कोणतेही कंपन नीट नोंदविण्यास मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक वेळा व्हावी लागते, असे या आकड्यामागचे गणित आहे. उंची मोजण्याच्या पट्टीला मात्र एक वरचे टोक असते. आवाज त्या टोकाच्या वर गेला की त्याचा शेंडा छाटला जातो आणि कर्कश फाटका ध्वनी उमटतो. छाटलेला शेंडा पुन्हा जसाच्या तसा जोडता येत नाही. म्हणून वाजविण्यापूर्वी धुनेतील सर्वांत जोरकस भाग वाजवून पाहावा, आणि पडद्यावरील मापकाचा काटा शून्याच्या खाली ६ ते १२ डेसिबल इतकाच चढेल अशी योजना करावी. 'मग आवाज बारीक येईल' ही भीती व्यर्थ आहे. २४ बिटांच्या नोंदीत ही पट्टी १,६७,७७,२१६ पायऱ्यांची असते. थोड्या पायऱ्या मोकळ्या राहिल्या तर काही बिघडत नाही. अशा नोंदीस एका मायक्रोफोनपुरती मिनिटाला सुमारे ८० लक्ष बाइट एवढी जागा लागते, आणि आजच्या संगणकाला ती नगण्य आहे.

चौथी गोष्ट यंत्राचा आगाऊपणा. अनेक संगणकांत आणि फोनमध्ये मायक्रोफोन बसविलेला असतो तो संभाषणासाठी. माणसाचे बोलणे तुटक असते आणि पंख्याचा आवाज अखंड असतो. तेव्हा जे अखंड ते निरुपयोगी, असे मानून ही यंत्रे ते दाबून टाकतात. गिटारचा लांबविलेला सूरही अखंडच असतो. यंत्र त्याला पंखा समजते आणि त्याचा गळा दाबते! त्या मुलीचे लांब सूर तुटत होते ते या कारणाने. म्हणून संगणकाच्या मांडणीत जाऊन आवाज 'सुधारणाऱ्या' आणि पातळी आपोआप वरखाली करणाऱ्या सर्व सोयी प्रथम बंद कराव्यात.

पाचवी गोष्ट उशीर. पूर्वी मुद्रित केलेली लय किंवा साथ हेडफोनमधून ऐकत काही जण वाजवितात आणि त्याच वेळी आपला आवाजही संगणकामार्फत ऐकतात. संगणक आवाज घेतो, त्याची पुडी बांधतो, आणि मग परत करतो. ही पुडी १,०२४ मोजण्यांची असेल, तर तेवढ्यानेच सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे २३ भाग उशीर होतो; परत येतानाचा उशीर आणखी निराळा. वादकाला वाटते, आपलाच हात अडखळतो आहे. वास्तविक अडखळते ते यंत्र. पुडी लहान करावी, किंवा ध्वनी-जोडणीच्या पेटीवर आपला आवाज संगणकात न जाता थेट कानी येण्याची सोय असते, ती वापरावी.

सहावी आणि शेवटची गोष्ट खुद्द वाद्याची. तारा जुन्या व गंजलेल्या असतील तर कोणताही मायक्रोफोन त्यांना तेज देऊ शकत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि हाताच्या घामाने तारा लवकर मरतात. वाजवून झाल्यावर त्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. पावसाळ्यात लाकूड ओल शोषून फुगते, तारा पडद्यांपासून उंच जातात आणि दाबताना सूर चढतो. तेव्हा प्रत्येक वेळी मुद्रणापूर्वी, आणि मध्ये थांबल्यास पुन्हा एकदा, सूर जुळवून घ्यावेत.

आता कोणी विचारील की यंत्रे कोणती घ्यावीत. एक बरा मायक्रोफोन, त्याला संगणकाशी जोडणारी एक लहान पेटी, आणि कान झाकणारा हेडफोन एवढ्यात आरंभ होतो. काही मायक्रोफोन थेट यूएसबी तारेने संगणकास जोडले जातात. त्यांना निराळी पेटी लागत नाही. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन गिटारच्या नाजूक सुरांना अधिक चांगला, परंतु तो पेटीला जोडावयाचा असेल तर पेटीतून ४८ व्होल्टचा विद्युतपुरवठा मिळतो ना, हे पाहावे. मुद्रणासाठी लागणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेले ऑडॅसिटी आजही त्या कामी उपयोगी पडते. मूळ नोंद नेहमी 'वेव्ह' या पूर्ण स्वरूपात ठेवावी. एमपी३ स्वरूपात जागा वाचते ती काही अंश गाळूनच. एवढे सांगून आम्ही थांबतो. कारण आमचा आग्रह आहे की खरेदी ही या कामातील शेवटची पायरी असावी. खोली, जागा आणि तारा सुधारल्यावर जे उणे राहील तेवढ्यासाठीच पैसा खर्चावा.

येथे पालकांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. 'अभ्यास सोडून हे काय?' असा आपला प्रश्न असतो, आणि बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षी तो अगदीच अवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या मुलाने कंपनांचे गणित गिटारच्या तारेवर पडताळून पाहिले, त्याला विज्ञानाच्या पुस्तकातील ध्वनीचा धडा पाठ करावा लागत नाही. खर्चाचे म्हणाल तर १९८२ सालचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीमधील आपल्या घरी, कॅसेटवर चालणाऱ्या एका साध्या चार मार्गांच्या यंत्रावर, मुख्यतः गिटार आणि आवाज यांच्या आधारे काही गाणी कच्च्या स्वरूपात मुद्रित केली. पुढे वाद्यवृंदासह ती पुन्हा मुद्रित करण्याचा प्रयत्न झाला. पण घरच्या मुद्रणातील भाव त्यात उतरेना. अखेर घरचीच नोंद 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. मुलाने महागडे यंत्र मागितले तर त्याला ही हकिकत सांगावी; आणि यंत्रच नको म्हणणाऱ्यांनीही ती ध्यानात घ्यावी.

आता दुसरे कर्तव्य. आरसा सरळ झाला. त्यात काय दिसते?

मुद्रण झाल्याबरोबर ते ऐकू नये. त्या वेळी कानात अजून आपला मनोरथच वाजत असतो. एक रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी तीन वेळा ऐकावे. पहिल्या वेळी फक्त लय ऐकावी : अवघड जागा जवळ आली की आपण धावतो का? दुसऱ्या वेळी प्रत्येक सूर सुटा व स्वच्छ आहे का, की एखादी तार अर्धवट दाबल्याने खडखडते, ते ऐकावे. तिसऱ्या वेळी सुरांच्या मधल्या जागा ऐकाव्यात : बोटे सरकतानाचा चिरका आवाज, दाबून धरलेला श्वास, सूर पुरता विरण्याआधी केलेली घाई. जे आढळेल ते वहीत लिहावे. आमचे मामा आम्हांस कोकणीत म्हणत, "पयलीं आयकूंक शिक." आधी ऐकायला शीक. त्यांच्यापाशी संगणक नव्हता, तरी त्यांनी सांगितलेला अभ्यासक्रम हाच होता.

परंतु संगणकात एक मोह दडलेला आहे. चुकलेला सूर कापून काढता येतो. दुसऱ्या वेळी बरा वाजलेला तुकडा आणून तेथे चिकटविता येतो. धावलेली लय ओढून जागेवर बसविता येते. आमचा एक विद्यार्थी मोठ्या अभिमानाने आम्हांस एक मुद्रण ऐकवावयास आला. ते निर्दोष होते. 'आता हेच समोर वाजव' म्हटल्यावर तो गडबडला. ती धून त्याने आरंभापासून शेवटपर्यंत एकदाही वाजविलेली नव्हती. चाळीस तुकडे जोडून ती तयार झाली होती. आम्ही त्याला दोष देत नाही. त्याच्या हाती जे दिले गेले ते त्याने वापरले. पण त्या आरशात तो स्वतःला पाहत नव्हता, आरशावर काढलेले चित्र पाहत होता.

याच्या विरुद्ध बाजूनेही बोलता येईल, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'लव्हर' या मुद्रणात एकट्याने गिटारचे अनेक भाग एकावर एक रचले, आणि तेही घरच्या गॅरेजमधील आपल्या मुद्रणशाळेत. तुकडे जोडणे, थर रचणे ही स्वतंत्र कला आहे, तिला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल, हे आम्हांस मान्य आहे. तथापि हेही विसरू नये की लेस पॉल हे थर तबकडीवर चढवीत असत. एक थर चुकला की मागील श्रमही वाया जाण्याचा संभव असे. ज्याला अखंड वाजविता येत होते त्यानेच थर रचण्याचा उद्योग केला. आमचा आक्षेप जोडकामाला नाही, क्रमाला आहे.

याबाबत आमच्या गोमंतकाची परंपरा काही शिकविणारी आहे. येथील पॅरिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकविले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर अनेक गोमंतकीय वादक मुंबईस गेले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा आधार झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीतरचना करणारे सेबास्तियन डिसोझा ही त्यांतील ख्यातनाम नावे. १९५० च्या दशकात चित्रपटगीत मुद्रित होई ते गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्र बसवून, एका दमात. अखेरच्या ओळीत एकाचा सूर चुकला तरी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. अशा ठिकाणी बसलेल्या माणसाला आपली चूक दुसऱ्यावर ढकलता येत नसे, आणि लपविताही येत नसे. ज्या गावांत मांडो आणि धुलपदाच्या सुरांना घुमट, व्हायोलिन आणि गिटार यांची साथ अजून मिळते, त्या गावांतील मुलांनी ही शिस्त परकी समजू नये.

म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना एक नियम सुचवितो. आरंभीचे पहिले वर्ष कापावयाचे नाही आणि चिकटवावयाचे नाही. लहानशी, दोन मिनिटांचीच धून घ्यावी. ती आरंभापासून शेवटपर्यंत वाजवावी. मध्ये चुकले तरी थांबू नये. दर महिन्याला त्याच धुनेची एक अखंड नोंद तारीख घालून जपून ठेवावी, खराब झाली तरी पुसू नये. वर्षाअखेर पहिली आणि बारावी नोंद लागोपाठ ऐकावी. प्रगतिपुस्तकात आम्ही शिक्षक जे शेरे लिहितो त्यांपेक्षा हा शेरा अधिक खरा असेल. वर्षानंतर खुशाल थर रचावेत, जोडकाम करावे. तेव्हा ते अडचणीपायी होणार नाही, आवडीने होईल.

आता त्या मुलीविषयी. गेल्या वर्षी चवथीची सुटी संपल्यावर आम्ही तिला बोलावून घेतले आणि चूक कोणाची होती ते तिला स्वच्छ सांगितले. शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे चूक कबूल करावी हे काहींना रुचणार नाही. पण तिच्या मनावर जो खोटा शेरा आमच्या हातून लिहिला गेला होता तो खोडणे आमचेच काम होते. मग आमच्या घरी गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, तारा बदलल्या आणि मायक्रोफोन बाराव्या पडद्यासमोर ठेवला. तिने तीच धून वाजविली. बोटांची सवय मोडलेली होती, दोन ठिकाणी ती अडखळली. दुसऱ्या दिवशी ऐकावयास आली तेव्हा आम्ही मुद्दाम काहीच बोललो नाही. तिसऱ्यांदा ऐकताना तिने एका जागी हात वर केला आणि म्हणाली, "सर, इथे मी धावते. ही चूक माझी आहे."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांपूर्वीची निराशा नव्हती. जी चूक आपली आहे ती आपल्याला सुधारता येते; दुसऱ्याची चूक आपली म्हणून वाहिली तर तिला उपाय नसतो, आणि आपली चूक यंत्राकडून झाकून घेतली तरी ती तेथेच राहते. ती आजही आमच्याकडे येते. पुढल्या संमेलनात वाजवील की नाही ते तिचे ती ठरवील. आम्ही विचारलेले नाही. गिटार मात्र कपाटावरून खाली आली आहे.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटीत ज्यांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांनी अवश्य पाहावे. आमच्याकडील मायक्रोफोन मागितल्यास मिळेल. गोधड्या मात्र आपापल्या घरूनच आणाव्यात.